झाकण उघडं ठेवायचं

१

आमच्याकडे सोमवारी न्हाव्यांची सुट्टी असते. आजोबांनी वस्तरा खाली ठेवून बरीच वर्षं झाली, पण त्यांचा सोमवार सोमवारच राहिला. बाकीचे दिवस ते दुकान उघडतात, खुर्ची पुसतात, कातऱ्यांना तेल देतात, आणि कुणी येत नाही. सोमवारी मात्र आरशासमोरच्या फळीवर जुनं वर्तमानपत्र पसरून विमान जोडायला बसतात.

जपानातल्या आमच्या शिझुओकात म्हातारा माणूस प्लॅस्टिकची विमानं जोडतो याचं कुणाला नवल नाही. ती विमानं बनवणारे कारखाने इथलेच, आणि दर तिसऱ्या घरातला कुणीतरी तिथे नोकरीला. नवल एवढंच, की आजोबा एकच विमान बनवायचे. हिएन. युद्धातलं लढाऊ विमान, नाकाडं लांब, अंग सडपातळ. नावाचा अर्थ उडती पाकोळी. एक झालं की पुन्हा तेच. टॉवेल ठेवायच्या फळ्यांवर, तेलाच्या बाटल्यांमागे, छतालगतच्या कप्प्यात, सगळीकडे हिएन. रंग थोडे वेगळे, पण बाकी सगळं सारखं. चाकं खाली. काचेचं झाकण मागे सरकवलेलं. वैमानिकाची खुर्ची रिकामी.

जणू माणूस आत्ताच उतरलाय आणि हात धुवायला गेलाय.

प्रत्येक खोक्यात नखाएवढा एक वैमानिक येतो. आजोबा तो पावडरीच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. डबा हलवला की आत ती सगळी माणसं खुळखुळायची. लहानपणी मला तो आवाज आवडायचा.

"दार हळू, कोतोने," मी त्या सोमवारी आत शिरले तेव्हा आजोबा आरशातूनच म्हणाले. "बिजागरी माझ्या वयाची आहे."

"म्हणूनच म्हणते, दोघांनाही आता विश्रांती द्या."

"आली बघा. अजून बूट काढले नाहीत आणि सुरू."

सुरू करायलाच मी आले होते. रस्ता रुंद होणार होता आणि उन्हाळ्याच्या आत आमची ती दुकानांची अख्खी ओळ पाडणार होते. शेजारचे चटयावाले गेले, टोफूवाले गेले. आईनं आमच्या फ्लॅटमधली एक खोली आजोबांसाठी केव्हाची रिकामी करून ठेवली होती. ऑक्टोबरात ते इथल्या न्हाणीघरात पडले आणि सकाळपर्यंत ओल्या फरशीवर तसेच पडून राहिले. दूधवाल्याला हाक ऐकू आली म्हणून वाचले. आणखी एकदा पडले तर हाक मारायला उरणार नाहीत, हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

आणि तरी उत्तर एकच. "तुम्ही व्हा पुढे. दादा आला तर त्याला हेच दुकान माहीत आहे."

दादा म्हणजे आजोबांचा मोठा भाऊ, तामोत्सु. हिएन घेऊन युद्धावर गेला तेव्हा वीस वर्षांचा होता. आजोबा सहा वर्षांचे. सैन्यानं पांढऱ्या कापडात गुंडाळलेला एक खोका घरी पाठवला होता. अस्थी म्हणून. त्यात एक दगड निघाला.

२

"बाबा, हट्ट पुरे," आई संत्रं सोलता सोलता म्हणाली. ती इस्पितळातली पाळी संपवून थेट आली होती. "देवळातले गुरुजी परवा मला रस्त्यात अडवून विचारतात, तुमच्या काकांचं शेवटचं श्राद्ध कधी करणार? म्हणाले, एवढं ताटकळलेलं श्राद्ध अख्ख्या गावात दुसरं नाही."

शेवटचं श्राद्ध झालं की माणूस त्याच्या नावानं उरत नाही. पूर्वजांत मिसळतो. त्यानंतर त्याची वेगळी वाट बघायची नसते. आजोबांनी ते कधीच करू दिलं नव्हतं.

"गुरुजींना सांग, आधी तुमचं डोकं भादरून घ्या. मागे खुंट राहिलेत," आजोबा म्हणाले.

आई हसली. मला हसू आलं नाही. मला या पिढीचा हा एक प्रकार सहन होत नाही. मोठी गोष्ट आली की एक विनोद करायचा, चहा ओतायचा, आणि गोष्ट पुढच्या वर्षावर ढकलायची. अशी ढकलत ढकलत त्यांनी ती माझ्या दारात आणून ठेवली होती.

"आजोबा, तुमचा दादा आज असता तर शंभरीला टेकला असता," मी म्हटलं. "तो चालत येणार नाही. कुणीच येणार नाही. तुम्ही इतकी विमानं उतरवलीत, एकातून तरी उतरला का कुणी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. संत्र्याची साल तिच्या हातात तशीच लोंबत राहिली.

"एक विमान बंद करा," मी म्हटलं. "चाकं वर. माणूस आत. झाकण लावलेलं. त्याला उडत जाऊ द्या. ते देवळात ठेवू, श्राद्ध करू, आणि तुम्ही आमच्याकडे या."

आजोबा बराच वेळ आरशात बघत बसले. स्वतःकडे नाही. मागच्या खुर्चीकडे.

"शेवटचा आला होता तेव्हा दादा याच खुर्चीत केस कापून गेला," ते म्हणाले. "वडिलांनी कापले. गिऱ्हाइकाच्या मानेमागे छोटा आरसा धरायचं काम माझं असायचं. त्या दिवशी मी नव्हतो. दादानं विचारलं, धाकटा कुठाय? वडील म्हणाले, शाळेत गेलाय. दादाला गाडी गाठायची होती."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यामुळे मी ती ऐकलीच नाही.

"मग? करायचं ना?" मी विचारलं.

"झाकण लावलं की तुझं समाधान होईल?"

"हो."

"बरं," आजोबा म्हणाले. "तू म्हणतेस तर मिटवू."

पुढचे चार-पाच सोमवार आम्ही दोघं बसलो. त्यांचे हात आता इतके कापायचे की कुंचला धरवत नव्हता. ते सांगायचे, मी करायचे. सुटे भाग चौकटीतून कापणं, घासणं, आतली हिरवट भिंत रंगवणं. प्लॅस्टिक जोडायच्या एका गोंदाला संत्र्याचा वास येतो. फळीवर संत्र्यांची टोपली असायची, त्यामुळे कुठला वास कशाचा ते कळायचं नाही. त्या दुपारी चांगल्या गेल्या, हे मला कबूल आहे. आजोबांनी पावडरीच्या डब्यातून स्वतः निवडून एक वैमानिक काढून दिला. मी त्याला तपकिरी कपडे चढवले, चेहऱ्याला कातडीचा रंग दिला आणि चिमट्यानं धरून खुर्चीत बसवून पाठीला गोंद लावला. मग विमानाच्या धडाच्या दोन बाजू एकमेकींवर मिटल्या.

झाकण शेवटी. ते मी सुताराच्या पांढऱ्या गोंदानं लावलं, आणि हे मुद्दाम सांगते. क्षणात चिकटणारा गोंद काचेजवळ वापरला तर त्याची वाफ आत कोंडते आणि काच आतून पांढरी पडते. मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाचं एक तरी विमान असं आंधळं झालेलं असतं. मी कॉलेजात गोंदांचंच रसायनशास्त्र शिकले. माझ्या हातून ती चूक होणं शक्य नव्हतं.

मी झाकण टेकवणार तोच आजोबा म्हणाले, "थोडं उघडं ठेवू या? बोटभर? नाही, बोटभर फार होईल. तांदळाच्या दाण्याएवढं."

"नाही," मी म्हटलं.

आणि दाबून धरलं.

३

दुसऱ्याच दिवशी मला आजोबांचा फोन आला. ते कधीच फोन करत नाहीत.

"काच घामेजलीय," ते म्हणाले.

डिसेंबरात आमच्याकडे समुद्रावर ढग नसतो आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. काच घामेजायचं काही कारण नव्हतं. मी कामावरून सुटून दुकानात गेले. झाकणाच्या आत, पुढच्या बाजूला, एक पांढुरकं वर्तुळ होतं. मसुराएवढं. वैमानिकाच्या तोंडासमोर.

"तुम्ही तो दुसरा गोंद लावलात का कुठे?"

"माझ्या हातांनी? नाक चिकटेल माझं."

मग आतल्या रंगातला ओलावा, मी म्हटलं. पुरता वाळला नसेल आणि आत कोंडला. याला अगदी सरळ स्पष्टीकरण आहे, आणि मी ते आजोबांना मोठ्या आवाजात दिलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात विमान ठेवलं, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या घातल्या, झाकण चिकटपट्टीनं बंद केलं. दोन दिवसांनी डबा उघडला. काच स्वच्छ होती.

"बघा," मी म्हटलं.

मी विमान आरशासमोरच्या फळीवर ठेवलं, शेगडीवरची किटली उतरवून चहा ओतला. वळून बघते तो वर्तुळ परत आलं होतं.

किटलीची वाफ, मी मनात म्हटलं. पण वाफ बाहेर होती. वर्तुळ आत होतं. मी बोट फिरवून पाहिलं.

४

मी विमान आमच्या फ्लॅटवर आणलं. माझ्या टेबलावर आठवडाभर काच लखलखीत राहिली. आतला तपकिरी माणूस नीट दिसत होता, हात मांडीवर, मान सरळ. चेहरा मला वाटलं होतं त्यापेक्षा बरा जमला होता.

"छान झालंय गं," आई म्हणाली. "पण उलटं का ठेवलंस? शेपूट तुझ्याकडे आणि नाक दाराकडे."

मी तसं ठेवलं नव्हतं. धूळ पुसताना तिनंच वळवलं असेल, असं मी ठरवलं.

श्राद्ध रविवारी होतं. आदल्या सोमवारी मी विमान परत दुकानात नेलं. आजोबांना ते स्वच्छ दाखवायचं आणि विषय संपवायचा. दुपारची उन्हं दुकानात आतपर्यंत येत होती. शेगडी मी मुद्दाम विझवली. किटली नाही, चहा नाही. आम्ही दोघंही फळीपासून हातभर लांब बसलो. बाहेर रस्त्यावर पाडकामाचं मोजमाप करणारी माणसं एकमेकांना ओरडून आकडे सांगत होती.

वर्तुळ आलं.

ते मसुराएवढं झालं, मग वाटाण्याएवढं, मग लहान होत नाहीसं झालं. परत आलं. परत गेलं. मी बघत राहिले. काही वेळानं माझ्या लक्षात आलं, की मी त्याच्याबरोबर श्वास घेतेय, आणि मला तो पुरत नाहीये. ते भरभर होत होतं. धापा टाकणाऱ्या माणसासारखं.

मग आवाज आला. टिक. नखानं प्लॅस्टिकवर मारल्यासारखा. थांबून पुन्हा, टिक टिक.

"शेगडी विझवली ना," मी म्हटलं. "थंडीनं प्लॅस्टिक आकसतं. त्याचा आवाज."

आजोबा विमानाकडे बघतच नव्हते. मान खाली घालून ते गुडघ्यावरचा हात दुसऱ्या हातानं दाबत होते.

काच आता पूर्ण पांढरी झाली होती. आणि त्या पांढऱ्यात, माझ्या डोळ्यांदेखत, एक आडवी रेघ पुसली गेली. बाहीनं काच पुसावी तशी.

आतून.

५

"किनाऱ्यावरच्या लोकांनी पाहिलं होतं," आजोबा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "इथून लांब नाही. इंजिन बंद पडलं होतं, दादानं उथळ पाण्यात उतरवलं. छान उतरवलं म्हणे. बुडायला बराच वेळ लागला. झाकण उघडलं नाही."

"म्हणजे?"

"अडकलं. तो आतनं ठोकत होता. होडी पोचेपर्यंत पाणी वर आलं. ओहोटीला लोक गेले, तर तिथे विमानच नव्हतं."

मला राग आला. राग मला नेहमी लवकर सुचतो.

"हे तुम्ही मला आत्ता सांगताय? आईला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. माझ्या आईला कळू द्यायचं नव्हतं. मग ती गेली, पण सवय राहिली."

"झाकण लावताना सांगायचं होतंत! मी कशाला लावलं असतं?"

"मी विचारलं होतं. दाण्याएवढं उघडं ठेवू या का म्हटलं. तू नाही म्हणालीस." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. "आणि मलाही वाटलं, पोर म्हणतेय ते खरं असेल. एवढ्या वर्षांनी आत कोण असणार."

टिक टिक. आता मध्ये जास्त वेळ जात होता.

मला ठाऊक होतं की झाकण कापलं तर सगळा सौदाच मोडला. बंद विमान नाही, तर देऊळ नाही, श्राद्ध नाही. आजोबा इथेच राहणार, आणि एका सकाळी न्हाणीघरात. मी हे सगळं स्पष्टपणे पाहिलं, आणि खणातून बारीक दातांची करवत काढली.

गोंदाच्या सांध्यात पातं घातलं तर झाकण सुटायला हवं होतं. सुटेना. मी कापत राहिले. काचेला तडा गेला, माझ्या अंगठ्यात पातं घुसलं. आजोबा उठून माझ्या मागे उभे राहिले आणि त्यांनी छोटा आरसा धरला, मला खालची बाजू दिसावी म्हणून. तो जराही कापत नव्हता.

झाकण निघालं तेव्हा वास आला. ओहोटीच्या चिखलाचा. मग तोही गेला आणि राहिला फक्त संत्र्यांचा.

आत खुर्ची रिकामी होती.

मी विमान उलटं केलं, हलवलं. काही खुळखुळलं नाही. खुर्चीच्या पाठीवर मी लावलेला गोंदाचा ठिपका तसाच होता, मध्ये तपकिरी कपड्याचा रंग चिकटलेला.

"उतरला," आजोबा म्हणाले. आणि जरा वेळानं, अगदी नेहमीच्या आवाजात, "चाकं तरी खाली ठेवायची होतीस. गुडघे फुटले असतील त्याचे."

६

रविवारी सकाळी मी त्यांना देवळात न्यायला गेले. विमान फुटलं होतं तरी श्राद्ध करू या, असं ते स्वतःच म्हणाले होते. मला वाटलं, आयत्या वेळी कारण काढतील. त्या कारणाला काय उत्तर द्यायचं ते मी गाडीत जुळवत होते.

गल्लीच्या तोंडाशीच मला दुकानावरचा, न्हाव्याची खूण असलेला, लाल-निळ्या पट्ट्यांचा खांब फिरताना दिसला. तो मी जन्मात कधी फिरताना पाहिला नव्हता. मोटर जळालेली होती.

दुकानाच्या दाराची काच आतून पूर्ण धुरकटली होती.

आतून कातरीचा आवाज येत होता. ज्याचा हात बसलाय अशा माणसाच्या कातरीचा, हलका, न अडखळणारा. मी दाराशी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी ते दार ढकललं नाही. काचेवर एका जागी पाणी ओघळून फट झाली होती, तिथे डोळा लावला.

खुर्चीत पांढरी चादर होती. चादरीच्या वर मान. कोवळी, उन्हानं रापलेली, नुकती भादरलेली. पाठमोरी. कानामागून पाणी गळत होतं आणि चादर खांद्यांना चिकटली होती. आजोबा त्या मानेमागे छोटा आरसा धरून उभे होते. समोरच्या मोठ्या आरशात चेहरा दिसायला हवा होता. आरसा पांढरा झाला होता.

मी दार उघडलं. घंटी वाजली.

खुर्चीत कुणी नव्हतं. तिच्या गादीतून हवा सुटत होती, गिऱ्हाईक उठून गेल्यावर सुटते तशी, लांब उसाशासारखी. चादर पायठेवणीवर गळून पडली होती. खाली फरशीवर केस होते. काळेभोर, ओले, आणि त्यांत वाळू.

आजोबा अजून आरसा धरून उभे होते.

"आजोबा."

"त्यानं मला ओळखलं नाही," ते म्हणाले.

मी त्यांना धरून बाकावर बसवलं. त्यांचे हात पुन्हा कापायला लागले होते.

"मला काका म्हणाला. केस कापता कापता विचारतो, काका, धाकटा कुठाय?"

"मग सांगायचं ना! मीच तो, म्हणून सांगायचं!"

"कसं सांगू गं? त्याला सहा वर्षांचा हवा होता." त्यांनी आरसा मांडीवर पालथा ठेवला. "मी म्हटलं, शाळेत गेलाय."

खांब फिरायचा थांबला होता. बाहेर कुणाची तरी सायकल गेली.

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, आज मला घाई नाही. शाळा सुटेपर्यंत बसतो." आजोबांनी काठीसाठी हात पुढे केला. "चल. गुरुजी ताटकळले असतील."

७

श्राद्ध झालं. गुरुजींच्या मानेवर खरंच खुंट राहिले होते. आजोबा आमच्याकडे राहायला आले, आणि त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. मला जे हवं होतं ते सगळं मला मिळालं.

ते विमानांबद्दल बोलेनात. सोमवार कुठला तेही विचारीनात. फक्त दुपारी, शाळा सुटायच्या वेळी, जेव्हा गावाच्या भोंग्यावर मुलांनी घरी जावं म्हणून रोजची संथ धून लागते आणि पाठीवर दप्तरं घेतलेली मुलं रस्ता ओलांडतात, तेव्हा खिडकीशी जाऊन उभे राहायचे.

"कुणाला शोधताय?" मी एकदा विचारलं.

"कुणाला नाही. तिथे कुणीतरी खोळंबलंय, एवढंच," ते म्हणाले. मग हसून, "तुला कळायचं नाही. तुझी वाट बघावी लागते, तू कुणाची बघत नाहीस."

"आपण जाऊ या का दुकानात? एकदा?"

"या थोबाडानं जाऊन काय करू?" आजोबांनी गालावरून हात फिरवला. "पुन्हा काकाच म्हणेल."

फेब्रुवारीत प्लमला फुलं आली त्या आठवड्यात ते गेले. दुपारी आडवे झाले होते. धून वाजून गेली तरी उठले नाहीत. आई इस्पितळात होती. मी त्यांना हाक मारली, मग जोरात मारली, आणि मग कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. खालून मुलांचा गलका ऐकू येत होता. आईला फोन करायला हवा होता. मला घाई करवेना.

दुकान पाडायच्या आदल्या दुपारी मी एकटी गेले. विमानं आईनं आधीच देवळात पोचवली होती. फळ्या रिकाम्या. कातऱ्या नाहीत, बाटल्या नाहीत. भिंतीतला आरसा आणि फरशीत बसवलेली खुर्ची तेवढी राहिली होती. वीज तोडलेली होती, पण बाहेर लख्ख ऊन होतं.

मी दाराशी उभी होते. आरशापासून चांगली चार पावलं लांब. हे सांगते, कारण माझा श्वास तिथवर पोचणं शक्य नव्हतं. काच थंड असेल, जमिनीत ओल असेल, छप्पर गळत असेल. मी सगळं मनात म्हणून पाहिलं. एकेक कारण म्हणताना ते मला आजोबांच्या विनोदांसारखं वाटायला लागलं.

आरशावर, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, एक पांढरं वर्तुळ होतं. ते मोठं व्हायचं, लहान व्हायचं. आता त्याला घाई नव्हती. बसलेल्या, वाट बघणाऱ्या माणसाचा श्वास.

मला पळून जायचं होतं. पण मग उद्या ती यंत्रं येणार, आणि याला कुणी काही सांगितलेलं नसणार.

"तामोत्सुदादा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. नात्यानं मी त्याला काय म्हणायला हवं होतं कोण जाणे. आजोबा म्हणायचे तेच मी म्हटलं. "दादा, शाळा सुटली."

वर्तुळ थांबलं.

बाहेर भोंग्यावर धून सुरू झाली. ती संपेपर्यंत मी हलले नाही. आणि मग आरशावर, त्या वर्तुळाच्या बाजूला पण खूप खाली, खुर्चीच्या हाताच्या उंचीवर, दुसरं एक उमटलं. लहानसं. धावत आल्यासारखं भरभर.

मी डोळे मिटले. मी पाहिलं नाही, आणि पाहायला हवं होतं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. गादीतून हवा सुटल्याचा तो लांब उसासा ऐकू आला. मग माझ्या अंगावरून गार वाऱ्याची एक झुळूक गेली, चिखलाच्या आणि संत्र्यांच्या वासाची, आणि घंटी वाजली.

माझ्या पाठीमागे दार लागलं. अगदी हळू. बिजागरी जपून.